पूल एक, नोंदवह्या दोन

नकाशावर चंद्रपूर जिल्ह्यातला गोंडपिपरी तालुका शोधायचा असेल तर आधी दोन नद्या शोधाव्या लागतात. पूर्वेला वैनगंगा आणि तिच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा. दक्षिणेकडे वर्धा आणि तिच्या पलीकडे तेलंगणा. तालुका संपतो तिथून जवळच, चपराळ्याच्या जंगलाशी दोघींचा संगम होतो आणि पुढचा प्रवाह प्राणहिता या नावाने गोदावरीकडे निघतो. वर्धेवर पोडसा गावाजवळ पूल आहे. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे कोमराम भीम आसिफाबाद जिल्हा. हा जिल्हा ऑक्टोबर २०१६ पर्यंत आदिलाबादचाच भाग होता. पुलापलीकडे सिरपूर, आणखी पुढे कागजनगर, तिथे कागदाची जुनी गिरणी आणि रेल्वे स्टेशन.

या पुलावरून कोण कोण जाते? मिरची तोडायला निघालेले मजूर जातात. दरवर्षी हंगामाला चंद्रपूर-गडचिरोलीतली गावेच्या गावे खम्मम-वारंगळकडे रिकामी होतात. सोयरिकीला जाणारे, बाजाराला जाणारे, जनावरांचे व्यापारी, देवदर्शनाला निघालेल्या जीपा, आणि दवाखान्यात निघालेले आजारीही जातात. यांतल्या कुणालाही पलीकडे काम करायला किंवा उपचार घ्यायला अलीकडच्या सरकारचा दाखला लागत नाही. मजुराच्या हातातल्या टोपलीला परवाना नसतो.

आता समजा, याच पोडशातली एखादी मुलगी तीन वर्षांची जीएनएम ही परिचर्येची पदविका करून घरी आली. सिरपूर-कागजनगरच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात जागा आहे. सकाळी जायचे, ड्युटी करायची, संध्याकाळी घरी यायचे. आपल्याकडे ज्याला सगळे अप-डाऊन म्हणतात, तेच. रस्ता आहे, पूल आहे, तेलुगू तिला घरातूनच येते. तरी तिच्यासाठी पूल मजुरापेक्षा कितीतरी उंच आहे, कारण तिचे नाव ज्या नोंदवहीत आहे ती मुंबईला आहे आणि ज्या नोंदवहीत असायला हवे ती हैदराबादला. सीमा सगळ्यांना सारखी आडवी येत नाही. अंगात कसब जितके जास्त आणि ते कायद्याने जितके बांधलेले, तितकी ती जास्त आडवी येते. या प्रकरणात ही गोष्ट परिचारिकेच्या नजरेने पाहायची आहे, आणि त्यासाठी गोंडपिपरीहून थेट डेट्रॉइट आणि जिनिव्हापर्यंत जायचे आहे. तिथे सिस्टर लोक खरोखरच एका देशात राहून दुसऱ्या देशात रोज ड्युटीला जातात.

पण वर्धेच्या या काठाला आंतरराष्ट्रीय सीमा अगदीच परकी नाही. इंग्रजांच्या काळात अलीकडे मध्य प्रांतातला चांदा जिल्हा होता आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. संस्थानाचे चलन वेगळे, टपाल तिकिटे वेगळी, जकातही वेगळी. करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असत. नाण्याचा हिशेब असा की निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी सहा कलदार. १५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला, पण निजाम सामील झाला नाही. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईपर्यंत, म्हणजे तेरा महिने, ही नदी भारत आणि भारताबाहेरचा प्रदेश यांच्यामध्ये वाहत होती. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका तेव्हा निजामाकडे होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो आदिलाबाद जिल्ह्यातून निघून आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला आला. बल्लारपुरातून निघून वर्धेचा पूल ओलांडणारी रेल्वेगाडी तेव्हा खरोखर दुसऱ्या राज्यव्यवस्थेत शिरत होती. आज तीच गाडी पूल ओलांडून राजुरा तालुक्यात शिरते आणि तेलंगणा त्यापुढे लागतो.

गंमत म्हणजे भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा याच तेरा महिन्यांत झाला, ३१ डिसेंबर १९४७ रोजी. दिल्लीत परिचारिकांच्या शिक्षणाला देशभर एक दर्जा देणारा कायदा होत होता आणि वर्धेच्या पलीकडच्या काठावर तो लागूच नव्हता.

परिचारिकेचे नाव सरकारी वहीत असावे, ही कल्पना फार जुनी नाही. शुश्रूषेचे काम करणाऱ्या बाया हजारो वर्षे आहेत. नोंदणी मात्र विसाव्या शतकातली. परिचारिकांची नोंदणी कायद्याने करणारा पहिला देश न्यूझीलंड. तिथला कायदा १९०१ चा, आणि जानेवारी १९०२ मध्ये एलन डॉहर्टी ही तिथली पहिली नोंदणीकृत परिचारिका ठरली. ब्रिटनमध्ये यासाठी तीसेक वर्षे वाद चालला आणि कायदा व्हायला १९१९ उजाडले. गंमत अशी की फ्लॉरेन्स नाइटिंगेल या नोंदणीच्या विरोधात होती. परीक्षा घेऊन वहीत नाव चढवल्याने चांगली परिचारिका ओळखता येत नाही, असे तिचे मत. तिच्या म्हणण्यात तथ्य होते, पण जग दुसऱ्या बाजूने गेले. आपल्याकडे मद्रास प्रांताने १९२६ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९३५ मध्ये कायदे केले. म्हणजे भारतात नोंदवही जन्माला आली तीच प्रांताप्रांतांची. सध्याच्या महाराष्ट्राला एक परिषद मिळाली ती १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याने.

१९४७ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आणि एक गाठ तशीच ठेवली. सोय अशी: परिषदेने मान्य केलेली पदवी वा पदविका कोणत्याही राज्याच्या वहीत नाव नोंदवायला पुरेशी धरली जाईल. चंद्रपुरात शिकलेल्या मुलीला तेलंगणात पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. गाठ अशी: पदविका देशभर चालते, पण नोंदणी ज्या त्या राज्याची. राज्य बदलले की नव्या राज्याच्या परिषदेकडे अर्ज करायचा, जुन्या परिषदेने पडताळणी करायची, ना हरकत द्यायची, फी भरायची, आणि पुढे ठराविक वर्षांनी नूतनीकरण करत राहायचे. याला पारस्परिक नोंदणी म्हणतात. ही सगळी व्यवस्था बदलीच्या कल्पनेवर उभी आहे. लग्न झाले, नवऱ्याची बदली झाली, घर उचलून माणूस हैदराबादला गेला, असे ती धरून चालते. सकाळी पूल ओलांडून संध्याकाळी परत येणारी सिस्टर तिच्या विचारातच नाही.

ती विचारात घेतली गेली तर काय होते, हे पाहायला डेट्रॉइटला जाऊ.

डेट्रॉइट हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातले मोटारींचे शहर आणि नदीच्या पलीकडे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातले विंडसर. मध्ये डेट्रॉइट नदी. १९२९ मध्ये तिच्यावर अॅम्बॅसडर पूल झाला आणि १९३० मध्ये पात्राखालून बोगदा. नव्वदच्या दशकात ऑन्टारियो सरकारने रुग्णालयांच्या खर्चाला कात्री लावली, पूर्णवेळ जागा आटल्या, आणि नव्याने शिकून बाहेर पडणाऱ्या मुली नदीपलीकडे पाहू लागल्या. तिथल्या मोठ्या रुग्णालयांना माणसे हवी होती आणि पगार अमेरिकी डॉलरमध्ये होता. त्यातच १ जानेवारी १९९४ ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा व्यापार करार लागू झाला. करार मालाचा, पण त्यात काही व्यवसायांची यादीही होती. त्या यादीतल्या कॅनेडियन माणसाला नोकरीचे पत्र, शिक्षणाची कागदपत्रे आणि परवाना घेऊन थेट सीमेवरच तात्पुरत्या कामाचा दर्जा मागता येतो. नोंदणीकृत परिचारिका त्या यादीत आहे. व्यापार कराराच्या मसुद्यात लोखंड-लाकडाच्या गोष्टींबरोबर परिचारिकाही बसली, ही मला त्या करारातली सर्वांत दूरदर्शी ओळ वाटते. करणाऱ्यांनी ती तितक्या विचाराने घातली असेलच असे नाही.

दर्जा मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. आधी मिशिगन राज्याचा परवाना हवा. त्यासाठी अमेरिकी परवाना परीक्षा द्यावी लागते. कॅनडाने २०१५ पासून स्वतःच्या परिचारिकांसाठीही तीच परीक्षा स्वीकारली. त्याआधी विंडसरच्या मुली आपल्या देशाची परीक्षा देत आणि नदीपलीकडे जायचे असेल तर दुसऱ्यांदा अभ्यासाला बसत. मग परदेशी आरोग्यसेवकांच्या शिक्षणाची वेगळी छाननी, तिचे प्रमाणपत्र, आणि तीन वर्षांपर्यंतचा दर्जा संपत आला की तो पुन्हा घेणे. सीमेवरची रांग टाळायला आधी चौकशी झालेल्या प्रवाशांचे खास कार्ड, तेही काढायचे. कर दोन्ही देशांत दाखवायचा. एका ठिकाणी भरलेला कर दुसऱ्या ठिकाणी वजा होतो, पण त्यासाठी दोन्हीकडची विवरणपत्रे समजणारा हिशेबनीस हवा. म्हातारपणच्या निवृत्तिवेतनासाठी दोन्ही देशांतली नोकरीची वर्षे एकत्र धरण्याचा करार १९८४ पासून आहे. म्हणजे सीमा ओलांडून नोकरी करणाऱ्या बाईचे म्हातारपणसुद्धा कुणीतरी कागदावर मांडून ठेवले आहे.

यात चलनाचा खेळ आहेच. जानेवारी २००२ मध्ये कॅनडाचा डॉलर अमेरिकी बासष्ट सेंटच्या आसपास उतरला होता. तेव्हा डेट्रॉइटचा पगार विंडसरच्या बँकेत दीडपटीहून जास्त व्हायचा. पाच वर्षांनी दोन्ही डॉलर सारखे झाले आणि ती मजा गेली. सात हालीला सहा कलदार या भावाने व्यवहार करणाऱ्या वर्धाकाठच्या व्यापाऱ्यांना हे सांगावे लागले नसते.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ही सीमा अनावश्यक प्रवासाला बंद झाली. त्या वेळच्या बातम्यांत विंडसर परिसरातून डेट्रॉइटला जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा आकडा साधारण दीड हजार असा येत होता. डेट्रॉइटमध्ये तेव्हा साथ भयंकर होती. या माणसांना अडवले तर पलीकडची रुग्णालये कोसळतात, सोडले तर आजार अलीकडे येतो. सीमा त्यांच्यासाठी खुली राहिली, पण दोन्हीकडे नोकरी करणाऱ्यांनी कोणती तरी एक बाजू निवडावी असा आग्रह विंडसरमध्ये झाला. शेजारी त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, हे आपल्याकडच्या ज्या सिस्टरला त्या महिन्यांत घरमालकाने खोली सोडायला सांगितली तिला विचारावे.

त्याच मार्च-एप्रिलमध्ये पोडशाकडच्या आणि गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडच्या वाटांनी मिरची तोडायला गेलेले मजूर तेलंगणातून पायी परत येत होते. पुलांवर पोलीस बसले होते. आपल्या देशातली राज्यसीमा खरोखर बंद करता येते हे तेव्हा बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिले. तोवर सगळे ती नुसती पाटी समजत होते, जिच्या अलीकडे मराठी अक्षरे आणि पलीकडे तेलुगू.

अमेरिकेत देशांतर्गत सीमेचा प्रश्न आपल्यासारखाच आहे, कारण तिथेही परवाना राज्याचा. मिशिगनचा परवाना शेजारच्या ओहायोत चालत नाही. यावर तिथल्या राज्यांनी २००० साली एक तोडगा काढला. मेरीलँड, टेक्सस, युटा आणि विस्कॉन्सिन यांनी सुरुवात केली: ज्या राज्यात परिचारिका राहते त्या राज्याने दिलेला परवाना करारातल्या सगळ्या राज्यांत चालेल. मोटार चालवायचा परवाना जसा चालतो तसा. २०१८ मध्ये नियम कडक करून करार नव्याने लागू झाला आणि आता चाळीसच्या आसपास राज्ये त्यात आहेत. मिशिगन मात्र बराच काळ बाहेर राहिले. त्यामुळे एक विचित्र स्थिती झाली की विंडसरच्या कॅनेडियन सिस्टरला डेट्रॉइट जवळ होते, पण डेट्रॉइटच्या अमेरिकन सिस्टरला ओहायोतले टोलीडो तितके जवळ नव्हते.

आपल्याकडे असा करार नाही. पण निव्वळ नोंदणी हीच अडचण असती तर एखाद्या चिकाटीच्या मुलीने दोन-चार महिन्यांत ती सोडवली असती. तिच्या पुढ्यात आणखी बरेच आहे, आणि ते जास्त चिवट आहे.

सरकारी नोकरी घ्या. तेलंगणात २०१८ च्या राष्ट्रपती आदेशानुसार स्थानिक संवर्गातल्या थेट भरतीत ९५ टक्के जागा स्थानिक उमेदवारांना राखलेल्या आहेत, आणि स्थानिक कोण हे मुख्यतः शालेय शिक्षण कुठे झाले यावर ठरते. गोंडपिपरीत शाळा शिकलेली मुलगी सिरपूरची स्थानिक होत नाही. महाराष्ट्रातही अधिवासाचा दाखला लागतोच, तेव्हा एकट्या तेलंगणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मग आरक्षण. गोंड आणि कोलाम दोन्हीकडे अनुसूचित जमातीत आहेत, पण महाराष्ट्रात विमुक्त जातींत असलेला बंजारा समाज तेलंगणात लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत आहे. शिवाय एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्येच स्पष्ट केले आहे. वर्धा ओलांडताना माणसाची जात बदलत नाही, तिचा वर्ग बदलतो.

उरते खाजगी नोकरी. लहान नर्सिंग होमवाले कित्येकदा नोंदणी पाहत नाहीत, स्वस्तात मिळते म्हणून घेतात. वरवर ही सोय वाटते. पण रुग्णाचे काही बरेवाईट झाले आणि चौकशी आली की पहिला प्रश्न येतो, या राज्यात तुमची नोंदणी कुठे आहे? त्या क्षणी डॉक्टरांची नोंदणी शाबूत असते आणि सिस्टर एकटी पडते. पगार कमी दिला तर तक्रार करायची हिंमतही त्यामुळेच होत नाही. नोंदवही अडवते तशी ती सांभाळतेही, आणि खाजगी दवाखान्यांत ड्युटी करणाऱ्यांना हे कुणी शिकवत नाही.

गंमत अशी की आपल्या ग्रामीण आरोग्यसेवेत अप-डाऊन हाच मुळात गुन्हा धरला जातो. उपकेंद्राच्या एएनएमने, म्हणजे आरोग्यसेविकेने, मुख्यालयी राहावे असा नियम आहे, आणि ती राहते की नाही यावरून घरभाड्याचे भांडण वर्षानुवर्षे चालू आहे. उपकेंद्राचे गणित सपाटीवर पाच हजार लोकसंख्येला एक आणि आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजारांना एक. प्राथमिक आरोग्य केंद्राला तेच आकडे तीस आणि वीस हजारांचे. हे सगळे आकडे राज्याच्या आत मोजलेले. नदीपलीकडचे गाव अर्ध्या तासावर असले तरी ते कुणाच्याच गणितात येत नाही. रात्री बाळंतपणाचा फोन आला तर जवळची सिस्टर कोणती हे अंतरावर ठरत नाही, जिल्हा परिषदेच्या हद्दीवर ठरते. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक दोन्हीकडे एकच, पण यंत्रणा दोन: पलीकडे ती २००५ मध्ये संयुक्त आंध्रात सुरू झाली, अलीकडे २०१४ मध्ये.

आजारी माणूस मात्र हद्द मोजत नाही. सिरोंचा तालुक्यातले लोक गडचिरोलीऐवजी मंचेरियाल, करीमनगर, वारंगळ गाठतात, कारण ते जवळ आहे आणि भाषा ओळखीची. भामरागडच्या हेमलकशाला, प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी वाढवलेल्या लोकबिरादरीच्या दवाखान्यात, छत्तीसगडचे माडिया गोंड पन्नास वर्षे येत आहेत. राज्याच्या दुसऱ्या टोकाला सिंधुदुर्गातले रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात. गोवा सरकारने जानेवारी २०१८ पासून बाहेरच्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीत केवढा गदारोळ झाला! गोव्याचे म्हणणे होते, आमच्या करदात्याच्या पैशावर दुसऱ्याचे रुग्ण का? म्हणजे रुग्ण सीमा ओलांडतो तेव्हा निदान पैशाचा प्रश्न कुणीतरी मोठ्याने विचारतो. परिचारिका ओलांडते तेव्हा कुणी विचारत नाही, आणि तो प्रश्न तर अधिक महाग आहे.

गर्भवतीलाही नदीच्या दोन काठांवर दोन भाव मिळत आले. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागात, तेही अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला, ७०० रुपये. तेलंगणाने जून २०१७ मध्ये केसीआर किट आणले: सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यास मुलासाठी १२ हजार आणि मुलीसाठी १३ हजार रुपये टप्प्याटप्प्याने, वर बाळाचे कपडे, साबण, मच्छरदाणी. ही योजना तेलंगणाच्या रहिवाशांसाठीच होती. पण सीमेवरच्या माहेर-सासरच्या गोतावळ्यात रहिवासी म्हणजे कोण, हे आधार कार्डावरचा पत्ता ठरवतो आणि आधार कार्डावरचा पत्ता कोण ठरवतो हे ज्याचे त्याला ठाऊक.

या गोंधळाचे टोक पाहायचे असेल तर जिवती तालुक्यातली चौदा गावे पाहावीत. महाराजगुडा, परमडोली, मुकदमगुडा, लेंडीजाळा आणि त्यांच्या आसपासच्या डोंगरावरच्या वस्त्या. महाराष्ट्र त्यांना चंद्रपूर जिल्ह्यात धरतो, तेलंगणा केरामेरी मंडळात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९९७ मध्ये आंध्र सरकारने आपली याचिका मागे घेतली, पण पलीकडच्या योजना थांबल्या नाहीत. माणसांकडे दोन रेशनकार्डे, दोन मतदार ओळखपत्रे. गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, दोन सरपंच. २०२४ च्या लोकसभेला चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला आणि आदिलाबादचे १३ मे रोजी होते. शाई पुसायला तीनेक आठवडे मिळत होते. लोकांना यात वावगे वाटत नाही. दोन्ही सरकारे आळीपाळीने विसरत असतील तर दोघांनाही धरून ठेवणे शहाणपणाचेच आहे. प्रश्न लसीकरणाच्या कार्डाचा येतो. गर्भवतीचा आणि बाळाचा नोंदणी क्रमांक राज्याच्या हिशेबात चढतो. दोन्हीकडे चढलेले बाळ एका आकड्यात दोनदा मोजले जाते. दोन्हीकडच्या आरोग्यसेविकांनी दुसरीने नोंदले असेल असे समजले तर एकदाही नाही. आरोग्यसेविका हद्दीला बांधलेली आणि बाळ हद्दीवर जन्मलेले, असा हा पेच आहे.

आता जिनिव्हा. स्वित्झर्लंडचे हे शहर जवळजवळ चारही बाजूंनी फ्रान्सने वेढलेले आहे. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयातल्या परिचारिकांचा मोठा हिस्सा फ्रान्समध्ये राहतो आणि रोज सीमा ओलांडून येतो. युरोपीय देशांनी १९७७ मध्येच सामान्य परिचारिकेच्या शिक्षणाचा एक किमान साचा ठरवला: तीन वर्षे किंवा ४६०० तास. त्यात बसणारी पदविका सगळ्या सदस्य देशांत मान्य. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण जून २००२ पासून लागू झालेल्या मुक्त संचाराच्या कराराने तेही यात आले. अप-डाऊन करणाऱ्यासाठी वेगळा परवाना आहे. अट एवढीच की आठवड्यातून निदान एकदा आपल्या देशातल्या घरी परतायचे. ज्या माणसाला आपले सरकार मुख्यालयी राहत नाही म्हणून नोटीस देते, त्याला तिथे घरी परतणे हीच परवान्याची अट आहे.

मार्च २०२० मध्ये इथेही सीमा आवळली गेली, लहान नाके बंद झाले, मोठ्या नाक्यांवर रांगा लागल्या. मग आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका ठेवावी लागली. फ्रान्सने साथीसाठी आपल्या परिचारिका परत बोलावल्या तर काय, ही धास्ती जिनिव्हाला होती. ती खरी ठरली नाही. उलट फ्रान्सच्या बाजूची तक्रार जुनी आहे: आम्ही शिकवतो, स्विस पगार त्यांना घेऊन जातो, आणि आन्सी-आनमासच्या आमच्या रुग्णालयांत जागा रिकाम्या राहतात. पैशाने शुश्रूषा पूर्ण भरून निघत नाही, तरी जिनिव्हाने निदान पैशाची बाजू मान्य केली आहे. जानेवारी १९७३ च्या करारानुसार जिनिव्हा या कामगारांच्या पगारावर कर स्वतः घेते आणि त्यांच्या एकूण वेतनाच्या साडेतीन टक्के रक्कम दरवर्षी फ्रान्समधल्या एँ आणि ओत-साव्वा या दोन जिल्ह्यांना परत देते. कारण ही माणसे राहतात तिथे. त्यांची मुले तिथल्या शाळेत जातात, त्यांच्या दाराचा कचरा तिथली नगरपालिका उचलते. पन्नास वर्षांपूर्वीचा हा करार मला कोणत्याही मानवतावादी जाहीरनाम्यापेक्षा प्रामाणिक वाटतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा झाला. तो १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. त्यात राज्यांच्या नोंदवह्यांबरोबर एका राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे, आणि त्याआधीपासून परिचर्या परिषदेने प्रत्येक परिचारिकेला देशभर एकच ओळख क्रमांक द्यायला घेतले आहे. पोडशाच्या मुलीचा मुंबई-हैदराबाद पत्रव्यवहार यातून कमी होऊ शकेल. स्थानिक उमेदवाराची व्याख्या आणि जातीचा दाखला तिथेच राहतील. ते परिचर्येच्या कायद्याचे विषय नाहीत.

समजा ही सगळी गाठ सुटली, तिची हैदराबादला नोंदणी झाली आणि ती महिना २२ हजारांवर कागजनगरला रुजू झाली. आयकर केंद्राचा, तेव्हा जिनिव्हासारखा दोन देशांचा वाद नाही. व्यवसाय कर मात्र राज्याचा, आणि तो काम जिथे तिथे कापला जातो. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला तो माफ आहे. तेलंगणात २० हजारांच्या वर पगार गेला की महिना २०० रुपये. तेव्हा तिच्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये हैदराबादच्या तिजोरीत जातील. तिला ज्या शासकीय परिचर्या शाळेने घडवले असेल तिचा खर्च महाराष्ट्राच्या वहीत राहील, आणि गोंडपिपरीच्या ग्रामीण रुग्णालयात तिची जागा भरायची असेल तर ती जाहिरातही महाराष्ट्रालाच काढावी लागेल.